बॅरिस्टरची भीती तुझी नाही

पुस्तक ग्रंथालयात परत करायचं तर खुशाल कर, पण घाबरून करू नकोस. वाचून झालं म्हणून कर, मुदत संपली म्हणून कर. जयवंत दळवींची ‘अंधाराच्या पारंब्या’ ही कादंबरी वाचून तुझी झोप उडाली, मावशीने ते पुस्तक उचलून कपाटावर ठेवलं आणि ‘असलं वाचून डोकं फिरतं’ म्हणाली, हे सगळं तू सांगितलंस. मावशी असं का म्हणाली ते मला ठाऊक आहे आणि त्याबद्दल मी आज बोलणार आहे. पण आधी तुझ्या साध्या प्रश्नाचं उत्तर देते. ताई, तुझी सगळ्यात आवडती पुस्तकं कोणती, असं विचारलंस ना?

माझं वाचन पार्ल्यात वाढलं. तिथल्या लोकमान्य सेवा संघाचं श्री. वा. फाटक ग्रंथसंग्रहालय हे माझं दुसरं घर होतं. संघ १९२३ सालचा. तिथल्या कपाटांमधून मला जी पुस्तकं मिळाली त्यातली अर्धी तरी अंधारीच होती. विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ ही १९३९ सालची कादंबरी. युरोपातून निघालेली एक बोट, तिच्यात हिटलरच्या जर्मनीतून जीव वाचवून निघालेले ज्यू, चक्रधर नावाचा एक मराठी तरुण आणि हॅर्टा. एवढंसं पुस्तक, पण जगाचं युद्ध आणि एका माणसाच्या मनातलं युद्ध त्यात एकमेकांत मिसळून जातं. मग ‘कोसला’. १९६३ साली ती आली तेव्हा तिचे लेखक नेमाडे पंचविशीत होते. त्यातल्या पांडुरंग सांगवीकरची धाकटी बहीण मनी जाते ती पानं मी आजही सलग वाचू शकत नाही. जी. ए. कुलकर्णींचा ‘काजळमाया’ हा कथासंग्रह आणि चिं. त्र्यं. खानोलकरांच्या ‘रात्र काळी घागर काळी’ आणि ‘कोंडुरा’ हीसुद्धा माझी लाडकी पुस्तकं. खानोलकर म्हणजेच कवी आरती प्रभू. अवघं ४६ वर्षांचं आयुष्य मिळालं त्या माणसाला, पण कोकणातल्या माणसांच्या मनाचे तळ त्यांनी जसे धुंडाळले तसे फार थोड्यांनी धुंडाळले.

आणि अण्णाभाऊ साठे. घाटकोपरला आजीकडे जाताना आपण ज्या चिरागनगरवरून जायचो, तिथल्या झोपडीत राहून अण्णाभाऊ लिहायचे. ‘फकिरा’ १९५९ सालची. ‘चिरागनगरची भुतं’ या नावाचं त्यांचं पुस्तकच आहे. आपण म्हणतो ना, साहित्य म्हणजे पुणं, फार तर दादर-गिरगाव? तसं नाही गं. ते आपल्या उपनगरात, आपल्या पायवाटेवरही लिहिलं गेलंय.

आता दळवी. मला या माणसाबद्दल फार माया आहे. जन्म १४ ऑगस्ट १९२५ चा, गाव वेंगुर्ल्याजवळचं आरवली. त्याच आरवलीच्या माणसांवर त्यांनी ‘सारे प्रवासी घडीचे’ लिहिलं, वाचताना हसून पोट दुखतं. ‘ललित’ मासिकात ‘ठणठणपाळ’ या नावाने साहित्यिकांना कोपरखळ्या मारणारेही तेच. आणि याच माणसाने झोपडपट्टीवर ‘चक्र’ लिहिली, तिच्यावरच्या १९८१ च्या चित्रपटात स्मिता पाटील होती. ‘संध्याछाया’ लिहिलं, ज्यातली म्हातारा-म्हातारी आपल्या कितीतरी सोसायट्यांमध्ये आज खरोखर राहतात. ‘नातीगोती’ लिहिलं, मतिमंद मुलाच्या आईबापांचं. हसणारा दळवी आणि काळोखात उतरणारा दळवी अशी दोन माणसं नव्हती. ज्याला माणसांबद्दल इतकं प्रेम असतं त्याला त्यांचं हसूही दिसतं आणि त्यांच्या माजघरात कोंडलेलं दुःखही दिसतं. म्हणून तुला सांगते, अंधारी कादंबरी लिहिणारा लेखक आपल्याला घाबरवायला बसलेला नसतो. ज्याच्याकडे घरातले लोक पाठ फिरवून बसलेत, त्याच्याकडे तो आपलं तोंड वळवतो.

‘अंधाराच्या पारंब्या’वरूनच दळवींनी ‘बॅरिस्टर’ नाटक लिहिलं, १९७७ साली ते रंगभूमीवर आलं. दिग्दर्शन विजया मेहतांचं, बॅरिस्टर झाले होते विक्रम गोखले. पुढे विजयाबाईंनी त्यावर ‘रावसाहेब’ हा हिंदी चित्रपट केला. त्यात अनुपम खेर होते, तन्वी आझमी होती. त्यातल्या मावशीची भूमिका स्वतः विजयाबाईंनी केली आणि तिच्यासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुस्तक ज्यांनी वाचलं नाही त्यांनाही ‘बॅरिस्टर’ माहीत असतो तो असा.

तू ते पुस्तक बॅरिस्टरच्या अंगात शिरून वाचलंस. म्हणूनच तुझी झोप गेली. विलायतेत शिकून आलेला, मोठ्या वाड्यात राहणारा, चांगल्या मनाचा माणूस. घराण्यात वेड आहे आणि ते एक दिवस आपल्यालाही गाठणार, या भीतीच्या छायेत तो जगतो. आणि शेवटी कोसळतो. पुस्तक मिटलंस आणि तुला आपला मोठा मामा आठवला. मग तुझ्या मनात जो प्रश्न आला तो तू मला स्पष्ट विचारला नाहीस, पण मी तो ओळखला. ‘ताई, मला पण होईल का?’

तर ऐक, बाळा. हे मी शांतपणे आणि पूर्ण सांगते, कारण आपल्या घरात हे आजवर कुणी पूर्ण सांगितलेलं नाही.

मोठ्या मामाला स्किझोफ्रेनिया होता. ‘मामाला बरं नाही’ एवढंच आपल्याला सांगत आले. तू फार लहान होतीस. मला मात्र तो चांगला आठवतो. औषधं नीट चालू असली की तो मला गणितं शिकवायचा, सकाळी स्टेशनवरून पेपर आणायचा, आजीला भाजी निवडून द्यायचा. औषधं थांबली की त्याला आवाज ऐकू यायचे, शेजारी आपल्या वाईटावर आहेत असं वाटायचं, मग तो आतल्या खोलीत बसून राहायचा. पुढे तो गेला तो हृदयविकाराने. घरच्यांनी त्याच्याबद्दल बोलणं बंद केलं, कारण तेव्हा घरातल्या मुलींची लग्नं व्हायची होती. बघायला येणाऱ्यांनी आतल्या खोलीबद्दल विचारलं तर काय सांगायचं, या धास्तीत आजी, मावशी, माझी आई, सगळ्यांनी वर्षं काढली. मावशीने पुस्तक कपाटावर ठेवलं ते त्या जुन्या धास्तीने. तिच्यावर रागावू नकोस.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. हा आजार साधारण शंभरात एकाला होतो. आई, वडील किंवा सख्खं भावंड आजारी असेल तर ते प्रमाण शंभरात दहाच्या आसपास जातं. मामा, काका, आत्या यांच्यापैकी कुणी असेल तर शंभरात दोन ते चार. म्हणजे आपल्यासारख्या शंभर भाच्यांपैकी पंच्याण्णवांहून जास्त जणींना तो होत नाही. रक्तातून येते ती थोडी अधिक शक्यता असते, शाप नसतो. आणि कादंबरी वाचून हा आजार कुणालाही होत नाही. हे मावशीलाही सांग, नाहीतर मीच सांगेन.

दुसरी गोष्ट. बॅरिस्टरच्या काळात या आजारावर औषधच नव्हतं. पहिलं परिणामकारक औषध, क्लोरप्रोमाझिन, आलं ते १९५२ साली, फ्रान्समध्ये. त्याआधी घरातली बंद खोली, अंगारे-धुपारे, नाहीतर मनोरुग्णालयाच्या भिंती. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ सालचं आहे, कितीतरी घरांनी आपली माणसं तिथे सोडली आणि परत तोंड दाखवलं नाही. दळवींनी वेड नशिबासारखं रंगवलं, कारण त्या वाड्यात ते खरोखरच नशीब होतं. आज तसं नाही. अंधेरीहून जवळ कूपर रुग्णालयात, माझ्या बाजूला सायनला, महापालिकेच्या रुग्णालयांत मानसोपचाराचा विभाग आहे, केस पेपर काढून कुणालाही दाखवता येतं. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० साली सुरू केलेली मानसिक आरोग्याची आयपीएच ही संस्था आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आहे, ज्याने उपचार मिळणं हा माणसाचा हक्क ठरवला. बॅरिस्टरकडे यातलं काहीच नव्हतं. तुझ्याकडे सगळं आहे. म्हणून म्हणते, त्याची भीती तुझी नाही. त्याच्याबद्दल वाटणारी कणव मात्र नक्की तुझी आहे, ती जप.

आता माझं एक ऐक. तीच कादंबरी पुन्हा वाच, पण या वेळी राधाच्या बाजूने. भाडेकरू म्हणून त्या वाड्यात आलेली तरुण बायको. नवरा जातो आणि एका दिवसात तिच्या अंगावरचा रंग, कपाळ, केस, सगळ्यावर दुसऱ्यांचा हक्क सांगितला जातो. तिच्या रक्तात कसलंही वेड नाही. तिच्याभोवतीची रीतच वेडी आहे. मग बॅरिस्टरच्या मावशीच्या बाजूने वाच. केशवपन झालेली, सगळं आयुष्य त्या वाड्यात काढलेली बाई, आणि तिच्या डोळ्यांदेखत तीच वाट दुसऱ्या एका तरुण मुलीपुढे उघडते. आपल्या पणजीच्या पिढीत हे घरोघरी होतं. १८५६ साली विधवा पुनर्विवाहाचा कायदा झाला, १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांनी गोदूबाईंशी, म्हणजे आपल्या बाया कर्व्यांशी, पुनर्विवाह केला. आपल्या मुंबईतच १८९० साली नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने नाभिकांनी ठरवलं की यापुढे विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवायचा नाही. इतकं सगळं होऊनही वाड्यावाड्यांत वस्तरा फिरत राहिला. राधाच्या बाजूने वाचलंस की तुझ्या लक्षात येईल, या कादंबरीतला सगळ्यात गडद अंधार कुणाच्या डोक्यात नाही. तो गप्प बसलेल्या शहाण्या माणसांमध्ये आहे.

आणि मोठी बहीण म्हणून आणखी एक सांगते. बॅरिस्टर तुला आवडला, हे मला कळलं. मलाही तुझ्या वयात फार आवडला होता. सुधारणेची भाषा बोलणारा, संगीताचा, पुस्तकांचा, हळवा. राधाच्या बाजूने तो बोलतो, ठाम बोलतो. पण तिचा हात धरायची वेळ येते तेव्हा त्याचे पाय मागे येतात. अशी माणसं तुला आयुष्यात भेटतील, कॉलेजात भेटतील, ऑफिसात भेटतील. त्यांचा द्वेष करू नकोस, ती खोटी नसतात. पण तुझ्या स्वातंत्र्यावर सुंदर बोलणारा आणि तुझ्या बाजूने चारचौघांत उभा राहणारा यांतला फरक ओळखायला शिक. कुणाचं दुःख मोठं आहे म्हणून आपण त्याच्यात विरघळून जायचं नसतं. त्याला वाचवण्यासाठी आपला जन्म झालेला नसतो.

तुझ्या मैत्रिणींमध्ये अंधारी पुस्तकं वाचणं म्हणजे खोल असणं, असं काहीसं चालतं, हेही मी पाहिलंय. तसं काही नसतं बरं. निराशा मिरवायची गोष्ट नाही. दळवींनी ती मिरवली नाही, खानोलकरांनीही नाही. त्यांनी ती सोसली आणि आपल्यासाठी शब्दांत मांडली. त्या शब्दांचा मान ठेवायचा तर ते वाचून आपल्या आसपासच्या एखाद्या गप्प माणसाशी जरा जास्त प्रेमाने बोलावं. एवढं केलंस तरी वाचन सार्थकी लागलं.

असं पुस्तक वाचायचं कसं, तेही सांगते. रात्री अंथरुणात घेऊ नकोस. दिवसा वाच, बोरिवली स्लोमध्ये लेडीज डब्यात बसायला मिळालं की वाच. आजूबाजूला भाजी निवडणाऱ्या, फोनवर मुलाचा अभ्यास घेणाऱ्या, भांडणाऱ्या, गजरे विकणाऱ्या बायका असल्या की पुस्तकातला काळोख आपल्यावर बसत नाही, त्याच्याकडे नीट बघता येतं. एका बैठकीत संपवायचा हट्ट धरू नकोस. एखादं पान टोचलं तर तिथे थांब आणि वहीत लिही की नेमकं काय टोचलं. बहुतेक वेळा ते पुस्तकातलं नसतं, आपल्याच घरातलं असतं. तुझ्या बाबतीत तो मामा निघाला. आणि वाचून झालं की कुणाशी तरी बोल. मला फोन कर, नाहीतर घाटकोपरला मेट्रोने येऊन मुलुंडची गाडी पकड. इथे महाराष्ट्र सेवा संघात माझ्याबरोबर चल. वाचणारी माणसं भेटली की बोलायला जागा मिळते.

दोन गडद पुस्तकांच्या मध्ये एक उजेडाचं पुस्तक ठेव. माझ्याकडे त्यासाठी तीन ठरलेली आहेत. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. घर सुटलं, जात सुटली, नवऱ्याने धर्म बदलला, इतकं सगळं होऊनही ही बाई इतक्या निर्मळ भाषेत बोलते की आपल्या मनावरचं मळभ निघून जातं. दुसरं, दुर्गा भागवतांचं ‘ऋतुचक्र’. ते महिन्यामहिन्याने वाचायचं, आपल्या खिडकीबाहेरच्या झाडाकडे बघत. तुझ्या घरापासून नॅशनल पार्क हाकेच्या अंतरावर आहे, तिथे घेऊन जा ते पुस्तक. तिसरं, प्रकाश नारायण संतांचं ‘वनवास’. त्यातल्या लंपनशी एकदा ओळख झाली की तो जन्मभर सोबत राहतो.

पण एक गोष्ट पुस्तकांच्या पलीकडची आहे, ती नीट लक्षात ठेव. पुस्तक मिटल्यावर दोन-चार रात्री अस्वस्थ वाटणं स्वाभाविक आहे. झोप, भूक, अभ्यासातलं लक्ष, मैत्रिणींशी बोलण्याची इच्छा दोन आठवडे गेलेलीच राहिली, किंवा जगूच नये असं एकदाही मनात आलं, तर तो कादंबरीचा परिणाम समजून सोडून द्यायचं नाही. त्याच क्षणी मला सांगायचं, कितीही वाजले असले तरी. माझा फोन लागला नाही तर १४४१६ वर करायचा. ही सरकारची टेलिमानस सेवा आहे, रात्रंदिवस चालते, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. डॉक्टरांकडे जायची वेळ आली तर मी सोबत येईन आणि आपण ते कुणापासून लपवणार नाही.

राहिली मावशी. या रविवारी मी बोरिवलीला येते. तू पुस्तक कपाटावरून काढून ठेव. जेवणं झाली की मीच विषय काढेन आणि मोठ्या मामाबद्दल तिला विचारू. तो लहानपणी कसा होता, कॉलेजात काय शिकत होता, पहिल्यांदा बरं नसल्याचं कुणाच्या लक्षात आलं, औषधं कोण आणायचं. ती आधी टाळेल, उठून स्वयंपाकघरात जाईल, कदाचित रडेल. तू घाईने तिला गप्प करू नकोस आणि ‘जाऊ दे’ म्हणू नकोस. इतकी वर्षं तिने हे एकटीने सांभाळलंय. आपल्या घरातल्या या माणसाबद्दल आपल्या घरात मोकळेपणाने बोललं गेलं पाहिजे, त्याच्या गणितांबद्दल आणि त्याच्या आजाराबद्दलही. मावशी बोलायला लागली की तिला हवी तेवढी बोलू दे. आणि तिची तयारी दिसली, तर तिलाही ती कादंबरी वाचायला दे.